जहाजाचं इंधन मराठवाड्यातून: हरित मिथेनॉलच्या एका टनाचा हिशेब

मळीपासून इथेनॉल बनवताना डिस्टिलरीच्या टाक्यांमध्ये जे आंबवण चालतं, त्यातून इथेनॉलच्या जवळपास वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन इथेनॉल, तर साधारण एक टन वायू. काही कारखाने तो गोळा करून शीतपेयवाल्यांना किंवा ड्राय आइसवाल्यांना विकतात, बाकीच्या ठिकाणी तो सरळ हवेत जातो. मांजरा काठच्या पट्ट्यात, गोदाकाठी, धाराशिवच्या माळावर जिथे जिथे डिस्टिलरी आहे तिथे हे चालू आहे. या फुकट जाणाऱ्या वायूला आता एक नवं गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता आहे, आणि ते गिऱ्हाईक मराठवाड्यापासून साडेचारशे-पाचशे किलोमीटर दूर समुद्रात आहे. मोठ्या जहाज कंपन्यांना हरित मिथेनॉल हवं आहे आणि ते बनवायला असाच स्वच्छ, वनस्पतीतून आलेला कार्बन लागतो.

‘मराठवाडा हरित इंधनाचं केंद्र होणार’ अशा घोषणा अधूनमधून कानावर येतात. त्या खऱ्या ठराव्यात असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी एक टन मिथेनॉल बंदरात पोचवायला नेमका किती खर्च येतो आणि तो कुठे कुठे होतो, हे आपल्याला समजलं पाहिजे. कारखान्याच्या सभासदाला, संचालकाला आणि सौर पार्कसाठी जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्यालाही.

आधी जहाजांना हे का हवंय ते पाहू. जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सागरी वाहतुकीचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. जहाजं वर्षाला अंदाजे ३० कोटी टन इंधन जाळतात आणि त्यातलं बहुतेक शुद्धीकरण कारखान्यातून उरलेलं जाड, काळं तेल असतं. महासागर ओलांडणारं जहाज बॅटरीवर चालवता येत नाही, तेवढी बॅटरी ठेवायची तर मालाला जागाच उरणार नाही. हायड्रोजन द्रवरूपात साठवायला उणे २५३ अंश तापमान लागतं. अमोनिया विषारी वायू आहे. मिथेनॉल मात्र नेहमीच्या तापमानाला द्रव राहतं, साध्या टाकीत भरता येतं, आणि रसायन म्हणून जगभरच्या बंदरांना ते अनेक दशकांपासून माहीत आहे. २०१५ मध्ये ‘स्टेना जर्मानिका’ ही स्वीडन-जर्मनी फेरीबोट मिथेनॉलवर चालेल अशी बदलण्यात आली. २०२३ मध्ये मर्स्क कंपनीचं ‘लॉरा मर्स्क’ हे मिथेनॉलवर चालू शकणारं जगातलं पहिलं कंटेनर जहाज पाण्यात उतरलं. पाठोपाठ २०२४ मध्ये १६ हजार कंटेनरांचं ‘आने मर्स्क’ आलं. ही इंजिनं दोन्ही इंधनांवर चालतात. मिथेनॉल मिळालं तर मिथेनॉल, नाही तर तेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, किमतीच्या बोलणीत तो निर्णायक ठरतो.

जगात आज वर्षाला १० कोटी टनांच्या आसपास मिथेनॉल बनतं, पण जवळपास सगळं नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून. भारत तर आपल्या गरजेचा फार मोठा हिस्सा आयातच करतो. अशा मिथेनॉलवर जहाज चालवलं तर हवामानाला काहीच फायदा नाही. हरित म्हणवून घ्यायचं तर ते दोनपैकी एका रस्त्याने आलं पाहिजे. एक रस्ता जैव, म्हणजे शेतातला काडीकचरा किंवा बायोगॅस यांच्यापासून. दुसरा विजेचा, म्हणजे सौर-पवन विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि तो कार्बन डायऑक्साइडला जोडायचा. या दुसऱ्याला ई-मिथेनॉल म्हणतात. मी जास्त वेळ त्याच्यावर घालवणार आहे, कारण डिस्टिलरीच्या वायूचा उपयोग तिथे होतो.

टनाचा भाव फसवतो

हिशेबाच्या सुरुवातीलाच एक खड्डा आहे. एक किलो जहाजी तेलात साधारण ४० मेगाज्यूल ऊर्जा असते, एक किलो मिथेनॉलमध्ये फक्त २० च्या आसपास. म्हणजे एक टन तेलाचं काम करायला दोन टन मिथेनॉल लागतं. शिवाय ते हलकं असल्यामुळे जागा जवळपास अडीचपट. कोणी सांगितलं की मिथेनॉल टनाला अमुक रुपये, तर मनात लगेच त्याची दुप्पट करायची आणि मगच तेलाच्या भावाशी तुलना करायची. हे न करता काढलेले आकडे मी प्रकल्पांच्या सादरीकरणांत पाहिले आहेत, आणि त्यांनी लोकांची दिशाभूल होते.

दहा हजार युनिट

एक टन मिथेनॉलला सुमारे १९० किलो हायड्रोजन आणि १.४ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. गुणाकार करा, वर पंप-कॉम्प्रेसरची थोडी वीज धरा, की एका टनाला साधारण १० हजार युनिट असा आकडा येतो.

हा आकडा पाठ असावा असं मला वाटतं, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. वीज कारखान्याच्या दारात ४ रुपये युनिटने पडली, तर नुसत्या विजेचेच ४० हजार रुपये टनाला. युनिटमागे एक रुपया वाढला की टनामागे १० हजार वाढले. या १० हजार युनिटांपैकी ऊर्जेच्या रूपात मिथेनॉलमध्ये उतरतात साडेपाच हजार. पुढे जहाजाच्या इंजिनात त्यातलीही जवळपास निम्मी उष्णता होऊन जाते. इतकी गळती कुणीही हौसेने सोसत नाही. समुद्राच्या मध्यावर वीज पोचवायचा दुसरा सोपा मार्ग नाही म्हणून ती सोसावी लागते.

‘मग महावितरणची वीज घेऊ, चोवीस तास मिळते’ असं कोणी म्हणेल. भारताच्या ग्रिडमध्ये अजून कोळशाचीच वीज जास्त आहे. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १० हजार युनिटांना तो ७ टन झाला. आणि एक टन मिथेनॉल ज्या अर्ध्या टन तेलाची जागा घेतं, ते तेल जाळलं असतं तर जेमतेम दीड टन निघाला असता. म्हणजे ग्रिडच्या विजेवर बनवलेलं ‘हरित’ मिथेनॉल तेलाच्या चौपट-पाचपट घाण करतं. युरोपचे नियम म्हणूनच कडक आहेत. वीज नव्याने उभारलेल्या सौर-पवन प्रकल्पातूनच आली पाहिजे. आज महिन्याच्या हिशेबाने आणि २०३० पासून तासाच्या हिशेबाने, ज्या वेळी ती वीज तयार झाली त्याच वेळी ती वापरली, असं दाखवावं लागतं.

यंत्र बसून राहिलं की भाव वाढतो

इथे मराठवाड्याची खरी कसोटी आहे. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, हे सगळे सांगतात. पण ऊन दिवसाच असतं. एक मेगावॉटचं सौर पॅनेल वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या सुमारे २२ ते २५ टक्केच वीज देतं. पाणी फोडणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, फक्त उन्हावर चालवलं तर तेही वर्षातला पाऊण काळ बसून राहतं. आणि कर्जाचं व्याज रात्रीसुद्धा चालूच असतं.

आकड्यांत पाहू. समजा, एक मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर सगळ्या जोडकामासह १० कोटींना बसला, आणि व्याज, हप्ता, झीज मिळून दरवर्षी १२ टक्के, म्हणजे १ कोटी २० लाखांचा बोजा पडला. हे यंत्र वर्षभर अखंड चाललं, तर जवळपास ८७५ टन मिथेनॉलपुरता हायड्रोजन देईल, आणि बोजा टनामागे १४ हजारांच्या आत बसेल. नुसत्या उन्हावर २२ टक्के चाललं, तर १९० टनांच्या आसपासच निघेल आणि तोच बोजा टनामागे ६२ हजारांवर जाईल. वीज फुकट मिळाली तरी या भावाने धंदा होणार नाही.

म्हणून सौरला पवनची जोड लागते. बालाघाटाच्या डोंगरांवर, बीड-धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, अजून उभ्या राहताहेत. आपल्याकडे वारा जोरात असतो तो जून ते सप्टेंबर, नेमका ढगांमुळे ऊन कमी असतं तेव्हा. ही जोडी चांगली जमते. दोन्ही मिळून यंत्र वर्षातला ५५ टक्के काळ चाललं तर टनामागचा बोजा २५ हजारांवर येतो. त्याहून वर न्यायचं तर बॅटरी किंवा हायड्रोजनच्या टाक्या लागतात, आणि त्यांचा पुन्हा वेगळा खर्च. मिथेनॉल बनवणारी भट्टीसुद्धा रोज सकाळी पेटवून संध्याकाळी विझवता येत नाही, तिला संथ, सलग पुरवठा लागतो. हायड्रोजनची साठवण त्यासाठीही आवश्यक ठरते.

डेन्मार्कमधल्या कास्सो इथे मे २०२५ मध्ये वर्षाला ४२ हजार टन क्षमतेचा ई-मिथेनॉल प्रकल्प सुरू झाला. शेजारीच ३०४ मेगावॉटचा सौर पार्क आहे. पण त्यांच्या ५० मेगावॉटच्या आसपासच्या इलेक्ट्रोलायझरला ४२ हजार टन काढायचे तर वर्षातला बहुतेक काळ चालावंच लागणार, हे वरच्याच गुणाकाराने कुणालाही ताडून पाहता येईल. तिथे ग्रिडमध्ये पवन ऊर्जा मुबलक आहे, म्हणून ते शक्य होतं.

कार्बन हे आपलं बलस्थान

ऊन राजस्थानात आपल्यापेक्षा जास्त आहे, वारा गुजरातच्या किनाऱ्यावर जास्त आहे, आणि समुद्र तर आपल्याकडे नाहीच. मग मराठवाड्याकडे काय आहे? माझ्या मते उत्तर आहे डिस्टिलरीचा वायू.

कार्बन डायऑक्साइड तीन ठिकाणांहून मिळू शकतो. हवेतून शोषून घ्यायचा, तर हवेत तो इतका विरळ आहे की टनाला शेकडो डॉलर लागतात. १.४ टन लागतो म्हटल्यावर एवढ्याने मिथेनॉलचा भाव टनामागे तीस-चाळीस हजारांनी चढतो. सिमेंट किंवा औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून घ्यायचा, तर तो नायट्रोजनपासून वेगळा करायचा खर्च आहेच, शिवाय तो मुळात कोळशाचा किंवा सिमेंटच्या चुनखडीचा. युरोपने असा कार्बन वापरायला मुदती घातल्या आहेत. वीज केंद्रांच्या धुरासाठी २०३६ आणि इतर उद्योगांसाठी २०४१ पर्यंत. त्यानंतर वनस्पतीतून आलेला किंवा हवेतून घेतलेलाच चालणार. २०-२५ वर्षं चालणारा कारखाना आज उभा करणाऱ्याने या तारखा भिंतीवर लिहून ठेवायला हव्यात.

आंबवण टाकीतला वायू मात्र जवळपास शुद्धच असतो. धुवायचा, वाळवायचा, दाबायचा. किलोला दोन-तीन रुपये धरले तरी मिथेनॉलच्या टनामागे तीन-चार हजारांत काम होतं. आणि तो उसाने गेल्याच वर्षी हवेतून घेतलेला कार्बन असल्यामुळे नियमांतही बसू शकतो. अट अशी की तो ऊस कुठल्या जमिनीवर, कसा पिकला याची शाश्वततेची प्रमाणपत्रं पाहिजेत. ती शेतकऱ्यापासून कारखान्यापर्यंतच्या साखळीची असतात. तो खर्च किरकोळ नाही, पण तो आपल्या आवाक्यातला आहे.

दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल काढणारी एक डिस्टिलरी धरा. तिच्यातून रोज साधारण ४५ टन वायू निघतो. त्यातून ३२ टन मिथेनॉल होईल. वर्षात ३०० दिवस चालली तर साडेनऊ हजार टन. ‘लॉरा मर्स्क’सारख्या लहान जहाजाची वर्षाची भूक सुमारे १० हजार टन आहे, आणि १६ हजार कंटेनरांच्या जहाजाची त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे एक मध्यम डिस्टिलरी म्हणजे एक लहान जहाज. सरासरी १३ मेगावॉट वीज अखंड लागेल, आणि नुसत्या सौरमधून तेवढी वीज काढायची तर साठेक मेगावॉटची पॅनेलं, म्हणजे अडीच-तीनशे एकर.

‘वायू टँकरने किनाऱ्यावर नेऊन मिथेनॉल तिकडेच का बनवू नये?’ हा प्रश्न रास्त आहे. पण एका टन मिथेनॉलसाठी १.४ टन वायू न्यावा लागतो, तोही दाबाखाली, थंड ठेवून. मिथेनॉल मात्र एकच टन, साध्या टँकरमध्ये. वीज तारेतून येते, कार्बन टँकरमधून जातो. तेव्हा जिथे कार्बन आहे तिथेच कारखाना बसवणं परवडतं. हा मुद्दा मराठवाड्याच्या बाजूचा आहे आणि तो ठामपणे मांडला पाहिजे.

अडचण हंगामाची. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. मळी साठवून किंवा धान्यावर डिस्टिलरी पुढे चालवता येते, पण दुष्काळात ऊसच नसला तर मळी कुठली? आणि वारा येतो तो नेमका कारखान्याची धुराडी थंड असतात तेव्हा. म्हणून धान्यावरही चालणाऱ्या किंवा मळीचा मोठा साठा असलेल्या डिस्टिलऱ्याच यासाठी योग्य. सरकारचं इथेनॉल धोरण एका हंगामातून दुसऱ्या हंगामात बदलतं, तोही धोका यात येतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक निर्बंध आले होते, ते कारखानदार विसरलेले नाहीत.

पाणी

मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते २०१६ साली. परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं ते २०१५ साली. ‘पाणी फोडून इंधन’ हे शब्द ऐकताच आपल्याकडे माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. म्हणून इथे नीट हिशेब करू.

एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर पाणी लागतं. शुद्ध करताना वाया जाणारं आणि थंड करायला लागणारं धरून २० ते ३० लिटर. आपल्या त्या ३२ टनांच्या कारखान्याला रोज दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजारांचे पंधरा टँकर. वर्षाला साडेचार कोटी लिटर. मोकाट पाटाच्या पाण्यावरच्या एक एकर उसाला वर्षाला ८० लाख ते एक कोटी लिटर पाणी जातं. म्हणजे हा अख्खा कारखाना पाच-सहा एकर उसाचं पाणी पितो. एवढ्याच उसाला ठिबक केलं तरी निम्म्याच्या आसपास पाणी परत मिळेल. उसात स्वतःचंच ७० टक्के पाणी असतं आणि गाळपाच्या काळात कारखान्यात वाफेचं पाणी उरतं, तेही शुद्ध करून वापरता येतं. मिथेनॉल बनताना टनामागे अर्धा टनाहून जास्त पाणी परत सुटतं, ते वेगळंच.

रुपयांत पाहिलं तर अगदी टँकरचं महाग पाणी घेतलं तरी टनामागे हजाराच्या आत खर्च येईल. एकूण भावात तो दिसणारही नाही. पण म्हणूनच मला भीती वाटते. ज्या गोष्टीचा खर्च नगण्य असतो तिची काळजी प्रकल्पाचा हिशेबनीस करत नाही. मे महिन्यात गावाला आठवड्यातून एकदा पाणी येत असताना कारखान्याच्या दारात पंधरा टँकर उभे राहिले, तर लिटरचा हिशेब कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पावसाळ्यात भरलेलं स्वतःचं तळं, आणि टंचाई जाहीर झाली की यंत्र बंद ठेवण्याची लेखी अट, या दोन गोष्टी करारात पहिल्या दिवसापासून असाव्यात. बंद ठेवल्याने होणारं नुकसानही भावात आधीच धरलेलं असावं.

टाकीपासून जहाजापर्यंत

आता माल तयार आहे असं समजा. लातूर किंवा जालन्याहून न्हावाशेवापर्यंत टँकरचं भाडं टनामागे दोन-अडीच हजार. समृद्धी महामार्गामुळे जालना-संभाजीनगरकडून वेळ वाचतो. पण तेलाशी तुलना करताना हे भाडंही दुप्पट धरायचं, कारण दोन टन न्यावे लागतात. बंदरात मिथेनॉलसाठी वेगळी टाकी लागते, टाकीतली हवा काढून नायट्रोजन भरावा लागतो, आणि जहाजाला इंधन भरणारी छोटी नौका, जिला बंकर बार्ज म्हणतात, तीही याच कामाची लागते. गिऱ्हाईक महिन्याला एकच जहाज असेल तर ही नौका उरलेले दिवस रिकामी उभी राहणार. इलेक्ट्रोलायझरची गोष्ट तीच पुन्हा. तमिळनाडूत तुतिकोरीन बंदराने ७५० घनमीटरच्या हरित मिथेनॉल सुविधेचं काम २०२५ मध्ये हाती घेतलं. सुरुवात अशी लहानच असते.

मिथेनॉल विष आहे, हे मात्र ठळकपणे सांगायला हवं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. महाराष्ट्रात त्याच्या साठवणीवर आणि विक्रीवर विषांसाठीचे नियम लागू आहेत. इथेनॉल बनवणाऱ्या आवारातच मिथेनॉल बनणार असेल, तर दोन्हींच्या टाक्या, पाइप, टँकर, कुलपं पूर्ण वेगळी हवीत. त्याची ज्योत दिवसा नीट दिसतही नाही, म्हणून आग ओळखणारी खास उपकरणं लागतात. सुरक्षेचा हा खर्च भावात धरलेला नसेल तर तो भाव खोटा आहे.

बेरीज

वीज ४० हजार, इलेक्ट्रोलायझरचा बोजा २५ हजार, कार्बन ४ हजार, मिथेनॉलची भट्टी-साठवण-देखभाल १२ हजार धरू, वाहतूक आणि बंदर ५ हजार. ८६ हजार रुपये टन, डॉलरमध्ये हजाराच्या आसपास. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये ई-मिथेनॉलसाठी ८०० ते १६०० डॉलरची कक्षा दिली होती, त्यात हे बसतं. दुप्पट केल्यावर एक टन तेलाच्या तोडीला १ लाख ७२ हजार. जहाजी तेल ४८ हजाराला मिळतं असं धरलं, तर साडेतीन पट.

जैव मार्ग यापेक्षा स्वस्त पडू शकतो. त्याच संस्थेचा अंदाज ३२० ते ७७० डॉलरचा होता. पऱ्हाटी, तुराट्या, पाचट यांचा वायू करून मिथेनॉल बनवायचं, टनाला साधारण दोन टन कोरडा माल लागतो. पण पऱ्हाटी हलकी, जागा खाणारी, आणि ती पाच-पन्नास हजार शेतांत विखुरलेली. गाठी बांधून, पावसाआधी झाकून, वर्षभर पुरवायची यंत्रणा हाच तिथला मुख्य खर्च. कारखाना मोठा केला की लांबून माल आणावा लागतो, लहान ठेवला की यंत्र महाग पडतं. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, तर को-जनचा, म्हणजे कारखान्याच्या वीजनिर्मितीचा हक्क आहेच.

जास्तीचे पैसे कोण देणार

जहाज कंपनी साडेतीनपट भाव का देईल? आज तरी मुख्य कारण युरोप आहे. १ जानेवारी २०२५ पासून युरोपला जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना इंधनाची कार्बन तीव्रता २ टक्क्यांनी कमी करावी लागते, २०३० मध्ये ६ टक्क्यांनी, आणि हे वाढत २०५० मध्ये ८० टक्क्यांपर्यंत जातं. कमी पडलेल्या प्रत्येक टन तेलाइतक्या इंधनामागे २४०० युरो दंड. हा दंड वरच्या फरकापेक्षा जास्त आहे, मग सगळ्यांनी धावत मिथेनॉल घ्यायला हवं. तसं होत नाही, कारण २ टक्के भरून काढायला वापरलेल्या खाद्यतेलाचं जैवइंधन मिसळणं अजून स्वस्त पडतं. मात्र एक सवलत ई-मिथेनॉलच्या बाजूची आहे. २०३३ पर्यंत ते दुप्पट मोजलं जातं, आणि एका जहाजाने जास्त केलेली बचत इतर अनेक जहाजांच्या नावावर टाकता येते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये जगभरच्या जहाजांसाठी कार्बनवर आकारणीचा आराखडा मंजूर केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर अंतिम शिक्कामोर्तब व्हायचं होतं, ते वर्षभर पुढे ढकललं गेलं. असा एकेक निर्णय लांबला की बँका हात आखडता घेतात. डेन्मार्कच्या ऑर्स्टेड या बड्या वीज कंपनीने स्वीडनमधला वर्षाला ५० हजार टनांचा प्रकल्प ऑगस्ट २०२४ मध्ये काम सुरू झाल्यावर रद्द केला. परवडेल अशा भावाने दीर्घ मुदतीचे खरेदी करार मिळाले नाहीत, हे त्याचं कारण होतं. पैसा, तंत्रज्ञान, वारा, सगळं असलेल्या देशात हे झालं.

शेवटी हा भार मालाच्या भाड्यात येतो, आणि तो आपल्याही मालावर येणार आहे. ढोबळ गणित असं: मोठं जहाज रोज १०० टन तेल जाळत ३० दिवस चाललं आणि १३ हजार कंटेनर घेऊन गेलं, तर कंटेनरमागे पाव टनाच्या आत तेल. तेवढं सगळं ई-मिथेनॉल केलं तर कंटेनरमागे २८-२९ हजार रुपये जास्त. २० टन मालावर ते किलोला दीड रुपयाच्या आत येतं. किलोला अडीचशे रुपयांच्या सुतावर हे जाणवणारही नाही. पण लातूरच्या सोयापेंडेवर, जिचा भाव किलोला ३५-४० रुपये, चार टक्के म्हणजे निर्यातदाराचा सगळा नफा. हरित जहाजाचा खर्च महाग मालाला सोसतो, स्वस्त शेतमालाला नाही, हे सरकारच्या चर्चेत कुणीतरी मराठवाड्याकडून मांडायला हवं.

केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी मिळाली, आणि राज्यानेही त्याच वर्षी आपलं धोरण आणलं. वीज वहनाच्या शुल्कात सूट मिळाली तर युनिटमागे एक रुपया सहज वाचू शकतो. टनामागे १० हजार, आठवतंय ना. त्या एका सवलतीचं वजन बाकी कुठल्याही अनुदानाहून मोठं आहे.

कारखान्यांनी आज काय करावं? आंबवण टाक्यांवर मीटर बसवून वायू महिन्या-महिन्याला किती निघतो हे दोन हंगाम, बिगरहंगामासकट मोजावं. वायू गोळा करून शुद्ध करण्याचं यंत्र आधी शीतपेय आणि ड्राय आइसच्या बाजारासाठी बसवावं, ते पुढे मिथेनॉललाही तसंच वापरता येतं आणि तोवर स्वतःचा खर्च स्वतः काढतं. ऊस पुरवणाऱ्या गावांच्या नोंदी प्रमाणपत्राच्या दर्जाच्या करायला घ्याव्यात. आणि कोणी विकासक मोठा प्रस्ताव घेऊन आला, तर सर्वसाधारण सभेत सभासदांनी त्याला तीन प्रश्न विचारावेत: इलेक्ट्रोलायझर वर्षात किती तास चालणार, मे महिन्यात पाणी कुठून येणार, आणि दहा वर्षांच्या खरेदी करारावर कुठल्या जहाज कंपनीची सही झाली आहे.